सईला, सँडविचबद्दल

प्रिय सई,

परवा रात्री तुझा मेसेज आला, तो असा: "बाबा, रूममेट विचारतेय. तुम्ही लोक बटाटा-काकडीला सँडविच म्हणता. वडापावला म्हणत नाही. दोन ब्रेडमध्ये जॅम लावला तर त्यालाही नाही. मग तुमच्याकडे खरं सँडविच होतं तरी का?" पुढे हसणारं तोंड होतं, पण ते 'खरं' जरा लागलंच. आई म्हणाली, लिहून टाक, नाहीतर फोनवर तासभर व्याख्यान देशील. म्हणून हे पत्र. सगळं वाचलंच पाहिजे असं काही नाही. कृती हवी असेल तर ती मधे आहे, तेवढी वाच आणि रूममेटला खायला घाल. वादाचं नंतर बघू.

आधी ब्रेड आणि पाव. आमच्या डोंबिवलीच्या घरात या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, जरी दोन्ही मैद्याच्या, दोन्ही यीस्टच्या आणि दोन्ही एकाच बेकरीतून आलेल्या. ब्रेड मेणकागदात गुंडाळून, कापून यायचा आणि तो मुख्यतः आजारी माणसाचा. ताप उतरला की दूध-ब्रेड. बाकीच्यांना चहात बुडवायला, किंवा वर साय आणि साखर पसरून. पाव सायकलवर यायचा, सकाळी, लादीच्या लादी. हवे तेवढे तोडून घ्यायचे. तो उसळीबरोबर, ऑम्लेटबरोबर. आजीला पाव चालायचा नाही, आंबवलेलं म्हणून. त्याच बेकरीची नानखटाई मात्र चालायची, आणि यावर प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. तू असतीस तर विचारला असतास.

सँडविच हे या दोन्हींतलं नव्हे. ते स्टेशनबाहेरचं, कॉलेजच्या फाटकाजवळचं, किंवा वाढदिवसाच्या बशीतलं: वेफर्स, केकचा तुकडा आणि कडा कापलेले हिरव्या चटणीचे दोन त्रिकोण. कापलेल्या कडा फेकत नसत. त्या वाळवून, कुटून कटलेटला लावायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कांदा घालून फोडणीचा ब्रेड. मंदामावशी अजून करते.

आता जॅमचं. दोन स्लाइस, मधे जॅम, वरून दाबलेलं. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये ते बिनदिक्कत सँडविच. पीनट बटर आणि मार्शमेलो फ्लफ (ब्रेडला लावायची पांढरी, गोड, फुगीर पेस्ट) लावलं तरी सँडविचच, आणि ते फ्लफ तर इथलंच, १९१७ साली सॉमरव्हिलमध्ये पहिल्यांदा केलेलं. आमच्याकडे त्याच रचनेला जॅम-ब्रेड म्हणायचे. शाळेच्या डब्यात "आज काय?" तर "जॅम-ब्रेड". सँडविच सांगून जॅम निघाला असता तर फसवणूक झाली असती. सँडविच म्हणजे तिखटमिठाचं. तिथे चटणी पाहिजे, काहीतरी चिरलेलं पाहिजे आणि कुणीतरी थोडे कष्ट घेतलेले पाहिजेत. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि तो पुरेसा शहाणा आहे असंही माझं म्हणणं नाही. पण होता.

आणि इथल्यांचं तरी एकमत कुठे आहे? आपल्या श्रूज़बरीतलंच बघ. राउट नाइनवरचं व्हाइट सिटी शॉपिंग सेंटर तुला माहीत आहे. तिथे आधीपासून पनेरा हे सँडविचचं दुकान होतं, आणि दुसऱ्या सँडविचवाल्याला जागा द्यायची नाही असं त्यांच्या भाडेकरारात होतं. सेंटरच्या मालकाने कडोबाला, म्हणजे बरीटो विकणाऱ्या मेक्सिकन पद्धतीच्या दुकानाला, जागा दिली. मग प्रश्न आला, बरीटो (टॉर्टिया म्हणजे मेक्सिकन पोळी, तिच्यात सारण गुंडाळलेलं) हे सँडविच का? २००६ साली वुस्टरच्या कोर्टाने निकाल दिला: नाही. न्यायाधीशांनी शब्दकोश उघडला: ब्रेडचे दोन पातळ तुकडे, बहुधा लोणी लावलेले, मधे मांस, चीज किंवा चवदार मिश्रणाचा पातळ थर. बरीटोत टॉर्टिया एकच, म्हणून बाद. आता ही व्याख्या रूममेटला वाचून दाखव. स्टेशनबाहेरचं बटाटा-काकडीचं सँडविच तिच्यात जसंच्या तसं बसतं: दोन तुकडे आहेत, लोणी आहे, चवदार मिश्रण आहे. जॅमचं नावही नाही त्यात.

उलट न्यू यॉर्कचं करखातं. विक्रीकर लावायचा म्हणून त्यांनी हात मोकळा सोडला आहे. बरीटो सँडविच, हॉट डॉग सँडविच, लोणी लावलेला बेगलसुद्धा सँडविच. त्या हिशेबाने इराण्याकडचा मस्का-पावही करपात्र सँडविच झाला. आणि २०२४ साली इंडियानात फोर्ट वेनच्या एका न्यायाधीशाने टाको आणि बरीटो ही मेक्सिकन पद्धतीची सँडविचं आहेत असं सांगितलं. तिथे जागेच्या वापराची अट होती, की फक्त सँडविचचं दुकान चालेल. म्हणजे देश एक, बरीटो एकच, आणि निकाल भाडं, कर, जागा बघून. तेव्हा "तुमच्याकडे खरं होतं का" हे विचारताना थोडं जपून.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो मला इथे आल्यावरच कळला. इथे आत काय आहे ते बघून नाव ठेवतात. गोल बन तोच. आत खिम्याची टिक्की असली तर बर्गर, अख्खा चिकनचा तुकडा असला तर चिकन सँडविच. भारतात (आणि ब्रिटनमध्येही) आधी बाहेरचं बघतात. बन गोल असला की बर्गर, मग आत चिकन असो की बटाट्याची टिक्की. सँडविच म्हटलं की स्लाइसचा ब्रेड. पाव असला तर तो आपल्या नावासकट येतो: वडापाव, भजीपाव, समोसापाव, ऑम्लेट-पाव, गोव्यात कटलेट-पाव आणि चोरीस-पाव (तिथल्या सॉसेजचा). तुझी रूममेट आतून बाहेर येते, आम्ही बाहेरून आत. दोघंही पोचतात, वाटेत भांडण होतं एवढंच.

बरं, कृती. तुझ्या खोलीत शेगडी नाही हे धरून साधं, म्हणजे टोस्ट न केलेलं सँडविच सांगतो. हे सोपं वाटतं आणि बहुतेकांचं बिघडतं, कारण यात सगळा खेळ पाण्याचा आहे. काकडीत पाणी, टोमॅटोत पाणी, चटणीत पाणी, आणि ब्रेड ते शोषायला टपलेला.

बटाटा आदल्या दिवशी शिजव. पातळ सालीचा, लाल किंवा पिवळसर गराचा घे. इथला रसेट घेऊ नकोस, तो कापताना भुसभुशीत होऊन सुटतो. मायक्रोवेव्हमध्ये करायचा तर काट्याने टोच, ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळ, मध्यम बटाट्याला पाच-सहा मिनिटं, अर्ध्यात उलटा कर. उघडा ठेवलास तर साल चामड्यासारखी होते. मग पूर्ण गार होऊ दे, रात्रभर फ्रिजमध्ये उत्तम. गरम बटाटा ब्रेडमध्ये घातला की त्याची वाफ आतच अडकते आणि ब्रेड ओला होतो. लोक दोष टोमॅटोला देतात. कापताना पेन्सिलीच्या अर्ध्या जाडीचे काप. बीट शिजवलेलं, पाकिटातलं मिळतं, ते चालेल. पण काप करून कागदावर टिपून घे, नाहीतर सगळं सँडविच गुलाबी.

चटणी: दोन वाट्या कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, अर्धी वाटी पुदिना (जास्त नको, कडू होते आणि लवकर काळी पडते), तीन हिरव्या मिरच्या, बोटाच्या एका पेराएवढं आलं, चमचाभर जिरं, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि मोठा चमचाभर डाळं. डाळं विसरू नकोस. तेच पाणी धरून ठेवतं. डाळ्याशिवायची चटणी पाच मिनिटांत हिरवं पाणी आणि चोथा अशी वेगळी होते. डाळं नसलं तर ब्रेडचा अर्धा स्लाइस वाटणात टाक. पाणी बर्फाचं आणि दोन-तीन चमचेच, कारण मिक्सर तापला की रंग जातो. चटणी चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर घरंगळली पाहिजे, वाहता कामा नये.

मसाला घरून दिलाय त्या छोट्या बाटलीत. संपला तर: जिरं, बडीशेप, मिरी, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा, सगळं कोरडंच भाजून कुटायचं, मग आमचूर आणि काळं मीठ मिसळायचं. बडीशेप जिऱ्याच्या निम्मी. या मसाल्याशिवाय तुझ्या हातात काकडीचं इंग्लिश सँडविच राहील. तेही वाईट नाही, पण ते वेगळ्या लोकांचं.

आता रचायचं. ब्रेड पांढरा, पण घट्ट विणीचा. बोट दाबल्यावर खड्डा राहतो तो घेऊ नकोस. लोणी खारं पाहिजे, आणि मऊ. भारतातलं अमूल खारंच असतं, त्यामुळे आपल्या डोक्यातली चव तीच आहे. इथलं बिनमिठाचं लोणी लावून लोक "ती मजा नाही" म्हणतात. दोन्ही स्लाइसना लोणी अगदी कडेपर्यंत, कोपऱ्यासकट. हे चवीसाठी कमी आणि पाणी अडवायला जास्त आहे. जिथे लोणी पोचलं नाही तिथून ब्रेड भिजायला लागतो, बघच. लोण्यावर चटणी, दोन्ही बाजूंना मिळून एक मोठा चमचा. खालच्या स्लाइसवर बटाट्याचे चार-पाच काप आणि ते हलकेच दाब, म्हणजे चटणीला चिकटतात आणि बाकीच्यांना पाया मिळतो. त्यावर चिमूटभर मसाला. मग बीट, मग टोमॅटो (बिया आणि रस काढलेला), मसाला, मग काकडी सोललेली, अगदी पातळ, वरून कांद्याच्या दोन-तीन चकत्या. काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावून ठेवायचं नाही. मीठ पाणी ओढतं. मसाला रचतानाच, आणि तोही थरांच्या मधे, सगळा एकदम वरून नाही.

दुसरा स्लाइस ठेवून तळहाताने दाब, आणि क्षणभर दाबूनच धर. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि मग सुरी लावताच टोमॅटो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. सँडविचवाल्यांचं कापणं बघण्यासारखं असायचं. डावा तळवा वर सपाट, सुरी लांब आणि पातळ, आधी चारही कडा, मग एक काप उभा, दोन आडवे: सहा तुकडे, एकही सुटलेला नाही. सुरी प्रत्येक कापाला फडक्याला पुसलेली. वर परत थोडं लोणी, चटणीचा ठिपका आणि शेव. टोस्ट हवं असेल तर लांब दांड्याचा चिमटा-टोस्टर, त्यात भाज्यांबरोबर बहुधा हळद-मोहरीची बटाट्याची भाजी, बाहेरून लोणी, आणि निखाऱ्यावर उलटसुलट. चिमटा मिटल्यावर बाहेर आलेल्या कडा सँडविचवाला सुरीने खरवडून टाकायचा. त्या करपल्या तर अख्ख्या सँडविचला धुराचा वास लागतो. सुट्टीत घरी येशील तेव्हा आपल्या गॅसवर करू. डब्यात नेण्यासारखा हा प्रकार नाही, गरम बंद केला की वाफेने मऊ पडतो.

तर असं हे. आता वडापाव सँडविच का नाही, यावर माझं मत सांगतो. मत आहे, कायदा नाही.

पाव जास्तीचा मागता येतो. वडापाव खाताना "अजून एक पाव दे" म्हणता येतं, मिसळीला तर म्हणतातच, भाजीलाही म्हणतात. सँडविचवाल्याकडे "अजून एक ब्रेड दे" कुणी म्हणत नाही, कारण सँडविच रचून झालं की संपलं. त्यातल्या कुणाला वेगळं काढता येत नाही. वडापावात वडा हा वडाच राहतो. तो नुसताही खातात, पावाबरोबरही. पाव त्याचा सोबती. लादीचा पाव चिरतानाही पूर्ण कापत नाहीत, एका बाजूने जोडलेला ठेवतात. आत सुकी लसणाची चटणी, हवी तर गोड-हिरवी, वडा घालून अंगठ्याने दाबायचा, बाजूला मिठात घोळलेली तळलेली मिरची. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी हे विकायला सुरुवात केली असं मानतात. त्यांच्या डोक्यात सँडविच असेल असं मला वाटत नाही. गिरण्यांतल्या, लोकलच्या गर्दीतल्या माणसाला उभ्याने, एका हातात धरून पोटभर होईल असं काहीतरी लागत होतं.

पुरवणी: इथे वडापाव करशील तर डिनर रोल घेऊ नकोस. त्यात दूध, साखर, लोणी, कधी अंडं, आणि लसणाच्या चटणीबरोबर ती गोडी भांडते. ब्रिऑश (लोणी-अंड्याचा गोडसर फ्रेंच ब्रेड) तर मुळीच नको. लादीच्या पावाचं वैशिष्ट्य असं, की ते खेटून भाजतात, म्हणून वरचा भाग तपकिरी आणि बाजू तोडलेल्या, बिनकवचाच्या, कापसासारख्या. इथे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे न्यू इंग्लंडचा वरून चिरलेला हॉट डॉग बन, लॉबस्टर रोलचा. तोही खेटून भाजतात, त्यालाही बाजूला कवच नसतं. गोडी जराशी असते, पण चालून जातं. फक्त तो लांबट असतो, तेव्हा वडे गोल न वळता लांबट वळ, नाहीतर दोन्ही टोकांना कोरडा पावच तोंडात येतो. सुकी चटणी: अर्धी वाटी सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या तेलावर थोड्या परतलेल्या, दोन चमचे लाल तिखट, मूठभर दाणे, मीठ. गाडीवरची चव हवी असेल तर वडे तळताना कढईत पडलेला बेसनाचा चुरा त्यात कुटून घाल. तो नसला की चटणी ठीक होते, पण गाडीची होत नाही.

आता, माझ्या या जास्तीच्या पावाच्या नियमाला तूच भोक पाडशील, म्हणून आधीच सांगतो. पुण्यात ब्रेड पॅटीस मिळतं. दोन स्लाइस, मधे बटाट्याचं सारण, बेसनात बुडवून तळलेलं, सुरीने त्रिकोणी कापलेलं. त्याबरोबर जास्तीचा ब्रेड कुणी मागत नाही. दोन तुकडे आहेत, चवदार मिश्रण आहे. वुस्टरच्या न्यायाधीशांनी कदाचित पास केलं असतं. पण पुणेकरासमोर त्याला सँडविच म्हणून बघ, तो नुसता तुझ्याकडे बघत राहील. का नाही? मला नीट सांगता येत नाही. तळलं की जात बदलते म्हणावं, तर टोस्ट केल्यावर बदलत नाही. आणि दुसरीकडे सँडविच ढोकळा आहे, ज्यात ब्रेडचा कणही नाही, नुसते दोन पांढरे थर आणि मधे हिरवी चटणी, तरी नाव सँडविच. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस देतात, तिथे मात्र माझा नियम टिकतो. जास्तीचे स्लाइस खुशाल मागतात.

तेव्हा रूममेटला सांग, वडापावला ती सँडविच म्हणाली तर आमची हरकत नाही, तिच्या पद्धतीने ते बरोबरच आहे. तू काय म्हणायचं ते तू ठरव. आपल्या घरचा ओम दोन्ही म्हणतो, समोर कोण आहे ते बघून, आणि त्याचं काही अडत नाही.

चटणी एकदम जास्त करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव. साधारण एक घन एका सँडविचला पुरतो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेव, मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नकोस, शिजते आणि शेवाळी रंगाची होते. वितळल्यावर पाणी सुटलेलं दिसलं तर चमचाभर डाळ्याचं कूट घालून ढवळ. डाळ्याचं पाकीट तुझ्या निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आईने भरलंय.

बाबा